कधीपासून होतंय हे?

डोनाल्ड अंगर नावाच्या एका अमेरिकन डॉक्टरांना लहानपणी आईने, मावश्या-आत्यांनी आणि लग्नानंतर सासूबाईंनीही बजावलं होतं, की बोटं मोडू नकोस, संधिवात होईल. गृहस्थ चिवट निघाले. त्यांनी पन्नास वर्षं फक्त डाव्या हाताची बोटं मोडली, दिवसातून निदान दोनदा. उजव्या हाताच्या वाटेला गेले नाहीत. मग दोन्ही हात तपासले. संधिवात ना या हातात, ना त्या हातात. १९९८ साली त्यांनी हे सगळं एका वैद्यकीय नियतकालिकाला पत्र लिहून कळवलं आणि २००९ साली त्यांना इग नोबेल मिळालं. आधी हसवणाऱ्या आणि मग विचारात पाडणाऱ्या संशोधनाला देतात तो हा पुरस्कार.

एका माणसाच्या दोन हातांवरून साऱ्या जगाबद्दल काही ठरवता येत नाही, हे उघड आहे. पण त्या प्रयोगातली एक गोष्ट मला फार आवडते. अंगरसाहेबांनी शरीरातल्या एका फालतू आवाजाची दखल घेतली, तीही न घाबरता. तुलनेला दुसरा हात ठेवला आणि पुरेसा वेळ जाऊ दिला. आपलं काय होतं? शरीराने काही वेगळं केलं, की एक तर आपण ते अंगावर काढतो, नाही तर रात्री अंथरुणात पडल्या पडल्या मोबाइलवर शोधायला लागतो आणि पाचव्या मिनिटाला मृत्युपत्राच्या विचारात असतो. मधला रस्ता फारसा कोणी चालत नाही.

बोटांच्या आवाजाचं कारण साधं आहे. सांधा ताणला की आतल्या द्रवातला दाब एकदम उतरतो आणि त्यात विरघळलेला वायू पोकळी करून वेगळा होतो. म्हणूनच तेच बोट लगेच पुन्हा वाजत नाही, साधारण वीस मिनिटं थांबावं लागतं. गुडघा वाजतो तेव्हाही बहुतेक वेळा काळजीचं काही नसतं. आवाजाबरोबर दुखत असेल, सूज असेल किंवा सांधा मधेच अडकत असेल, तर बघायचं ते त्या दुखण्याकडे आणि सुजेकडे.

शरीराच्या गाजावाजा करणाऱ्या तक्रारींमध्ये अशा बिनबुडाच्या तक्रारींचा भरणा मोठा असतो, हे माझं निरीक्षण आहे आणि डॉक्टर मंडळीही बहुधा मान हलवतील. काळजाचा ठोका चुकणं हेच घ्या. शांत बसलेलो असताना छातीत एकदम काहीतरी घसरल्यासारखं होतं, क्षणभर सगळं थांबतं, आणि मग धप्पकन एक ठोका पडतो. जीव घाबरा होतो, कारण थांबलेलं असतं ते हृदय. प्रत्यक्षात तिथे एक ठोका वेळेआधीच पडून गेलेला असतो. घाईघाईत आलेला, म्हणून हृदय पुरतं भरलेलं नसतं आणि तो जाणवत नाही. त्यानंतर थोडी जास्त विश्रांती मिळते, तेवढ्यात नेहमीपेक्षा जास्त रक्त आत साठतं, आणि पुढचा ठोका जोरात बसतो. आपल्याला कळतो तो हा पुढचा, अगदी व्यवस्थित असलेला ठोका. असे अवेळी ठोके निरोगी हृदयातही पडतात. कमी झोप, ताण, चहा-कॉफीचा अतिरेक, तंबाखू, दारू यांनी ते वाढतात. पण धडधडीबरोबर डोळ्यांपुढे अंधारी आली, शुद्ध हरपली, धाप लागली, छाती भरून आली किंवा घरात कोणी तरुण वयात अचानक गेलेलं असेल, तर ही सगळी समजूत बाजूला ठेवून ईसीजी काढायचा.

पापणी लवणं हाही त्याच जातीचा प्रकार. खालच्या पापणीतला स्नायूचा एखादा पट्टा आपल्या मर्जीने थरथरत राहतो. आपल्याला वाटतं, समोरच्याला दिसत असणार. आरशात बघावं तर जेमतेम कळतं. थकवा, जागरण, कॅफिन, कोरडे डोळे. काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत थांबतं. ते गालावर, ओठाच्या कोपऱ्यावर उतरलं किंवा डोळा आपोआप मिटायला लागला, तर मात्र ती पापणीची गोष्ट राहत नाही.

झोपेच्या उंबरठ्यावर तर शरीर फारच नाटकी वागतं. पायरी चुकल्यासारखा झटका बसतो आणि आपण दचकून जागे होतो. हे बहुतेकांना कधी ना कधी झालेलं असतं. त्याहून भयंकर वाटणारा एक प्रकार आहे. डोळा लागता लागता डोक्याच्या आत प्रचंड स्फोट होतो. बंदूक सुटल्यासारखा, दार आदळल्यासारखा. दुखत मात्र काहीच नाही. सायलस वेअर मिचेल या अमेरिकन मज्जाविकारतज्ज्ञाने १८७६ मध्येच असे रुग्ण नोंदवले होते. पुढे शंभरेक वर्षांनी त्याला जे नाव मिळालं त्याचा अर्थच ‘डोकं फुटण्याचा विकार’ असा होतो. नाव असलं भीषण आणि उपचार जवळजवळ एवढाच, की डॉक्टरने सांगायचं, ‘हे निरुपद्रवी आहे.’ अनेकांचा त्रास त्या एका वाक्याने कमी होतो म्हणतात. मला ते पटतं. नाव कळलं की अर्धी भीती ओसरते.

आणि निळ्या आकाशाकडे एकटक बघताना वळवळत पळणारे ते तेजस्वी ठिपके? ते आपलंच रक्त असतं. डोळ्याच्या पडद्यावरच्या बारीक केशवाहिन्यांतल्या लाल पेशी निळा प्रकाश शोषतात, पांढऱ्या पेशी तो जाऊ देतात. त्यामुळे एखादी पांढरी पेशी सरकत गेली की ती उजळ ठिपक्यासारखी दिसते. रुग्णालयात न जाता, सुई न टोचता, स्वतःच्या पांढऱ्या पेशी धावताना बघायला मिळतात. हे कळल्यापासून मोकळं आकाश दिसलं की मी मुद्दाम बघत उभी राहते.

यातून मी एक गोष्ट स्वतःपुरती ठरवून टाकली आहे. लक्षण किती विचित्र आहे, याला फार किंमत द्यायची नाही. डॉक्टरही ती देत नाहीत. त्यांचा पहिला प्रश्न बहुधा ‘कधीपासून होतंय हे?’ असाच असतो. मग, वाढतंय का? एकाच बाजूला आहे का? कशाने कमी होतं? आधी कधी झालं होतं? या प्रश्नांत विचित्रपणाला जागाच नाही. सगळा भर आहे तो बदलावर. आणि बदल ओळखायचा तर आपलं रोजचं, बिनबोभाट शरीर कसं असतं ते माहीत हवं. तिथेच बहुतेक जण अडखळतात. आपला नेहमीचा रक्तदाब किती, बसल्या जागी नाडी किती, पाठीवर तीळ किती आणि कुठे, याची उत्तरं किती जणांकडे असतील?

या बाबतीत नखांइतका प्रामाणिक हिशेबनीस दुसरा नाही. हाताचं नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढतं, मुळापासून टोकापर्यंत पोचायला त्याला सहा महिने लागतात. पायाचं नख त्याहून बरंच सावकाश. विल्यम बीन नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी वयाच्या बत्तिसाव्या वर्षापासून डाव्या अंगठ्याच्या नखावर दर महिन्याला कानशीने एक खूण करायची आणि ती पुढे किती सरकली ते मोजायचं, असा उद्योग पस्तीस वर्षं केला. बत्तिसाव्या वर्षी नख दिवसाला ०.१२३ मिलिमीटर वाढत होतं, सदुसष्टाव्या वर्षी ०.०९५. म्हातारपण येतं म्हणजे नेमकं किती वेगाने येतं, हे इतक्या थंडपणे कोणी मोजलं असेल असं वाटत नाही.

या संथ वाढीमुळे नखात इतिहास उरतो. फ्रेंच डॉक्टर जोसेफ बो यांनी १८४६ मध्ये लिहून ठेवलं, की मोठ्या आजारपणानंतर सगळ्या नखांवर आडव्या खाचा दिसतात. आजार जोरात असताना नखाची वाढ थबकते. पुन्हा सुरू झाली की मधे एक चर राहतो, आणि तो चर नखाबरोबर पुढे सरकत जातो. मला एकदा तापाने चांगलंच झोपवलं होतं. बरी झाले, विसरूनही गेले, आणि नंतर एके दिवशी नखं कापताना दहाही बोटांवर एकाच ओळीत आडवे पन्हळ दिसले. मुळापासूनचं अंतर मोजलं आणि तीनने भागलं तर बरोबर त्या तापाचा महिना आला. मुलांना हात-पाय-तोंडाच्या विषाणूचा ताप येऊन गेल्यावर महिना-दोन महिन्यांनी नखं सुटून येतात, त्यामागचं कारणही हेच. पालक घाबरतात, पण खालून नवं नख येतच असतं. चर एकाच नखावर असेल तर मात्र इतिहास वेगळा. त्या बोटाला कुठेतरी मार बसलेला असतो.

नखावरचे पांढरे ठिपके म्हणजे कॅल्शियमची कमतरता, ही समजूत कुठून आली कोण जाणे. बहुतेक वेळा ती नखाच्या मुळाशी बसलेल्या किरकोळ धक्क्यांची खूण असते. ठिपके पुढे सरकतात आणि कापले जातात. उलट ज्या खुणा खरोखर बोलतात त्या सहसा नजरेत भरत नाहीत. नखं पातळ होऊन मधे खोलगट झाली, पाण्याचा थेंब त्यात राहील इतकी, तर लोह तपासायला हवं. आणि बोटांची टोकं फुगीर होऊन नखं घुमटासारखी वळली, तर छातीचा फोटो काढायला हवा. हे दुसरं चिन्ह हिप्पोक्रेटिसच्या काळापासून माहीत आहे. ते ओळखायची सोपी युक्ती मात्र सापडली १९७६ साली, आणि ती ज्याने सांगितली तो स्वतःच रुग्ण होता. दक्षिण आफ्रिकेतले हृदयविकारतज्ज्ञ लिओ शॅमरॉथ यांना हृदयाच्या आतल्या अस्तराचा जंतुसंसर्ग झाला होता. त्या आजारात त्यांनी स्वतःची बोटं बघितली. दोन्ही हातांची तीच ती बोटं नखाला नख लावून पाठमोरी जुळवली, तर नखांच्या मुळाशी एक छोटी चौकट दिसते, चौकटच्या पत्त्यावर असते तशी. टोकं फुगली की ती बुजते. वाचता वाचता तुम्ही बोटं जुळवून पाहिलीच असतील. फट दिसली ना? नसेल दिसत तर लगेच धास्तावू नका. काहींच्या घराण्यातच बोटं तशी असतात, आणि इथे पुन्हा तोच प्रश्न येतो: आधीपासून तशी आहेत, की अलीकडे झाली? अलीकडे झाली असतील तर फुप्फुसं, हृदय, यकृत, आतडी यांची चौकशी व्हायलाच हवी.

नखाखालचा काळा डाग ही तर अगदी निमूटपणे येणारी गोष्ट. बॉब मार्ली या गायकाच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली असा डाग होता. फुटबॉल खेळताना लागलं असेल, असं वाटलं होतं. १९७७ मध्ये तो त्वचेचा कर्करोग असल्याचं निदान झालं आणि १९८१ मध्ये, वयाच्या अवघ्या छत्तिसाव्या वर्षी, तो गेला. माराने साकळलेलं रक्त नखाबरोबर पुढे सरकतं आणि काही महिन्यांत निघून जातं. जो डाग सरकत नाही, रुंदावतो किंवा नखाच्या कडेच्या कातडीवर पसरतो, तो दाखवायचा. मी असल्या वेळी डागाचा फोटो काढून ठेवते आणि महिन्याने दुसरा काढून शेजारी लावते, कारण आपल्या आठवणीपेक्षा फोटो खात्रीचा. ज्या डागाची शंकाच जबर आहे, त्याच्यासाठी मात्र महिनाभर वाट बघण्यात शहाणपण नाही.

लोहाचा उल्लेख ओघात आला, पण त्याच्यापाशी जरा थांबायला हवं, कारण शरीरातली ही एक कमतरता इतक्या वेगवेगळ्या वेशांत येते की ओळखू येत नाही. थकवा आणि फिकेपणा सगळ्यांना माहीत असतो. पण बर्फ कडाकडा चावून खाण्याची अनिवार ओढ? माती, खडू तोंडात घालावंसं वाटणं? केस मूठमूठ गळणं? जिना चढताना कानात नाडी ऐकू येणं? संध्याकाळी पाय पसरून बसलं की आतून वळवळ सुरू होणं, पाय हलवल्याशिवाय चैन न पडणं आणि हलवले की बरं वाटणं? या शेवटच्या तक्रारीचं वर्णन इंग्लंडच्या थॉमस विलिस यांनी सतराव्या शतकातच केलं होतं. तिला आजाराचा दर्जा आणि नाव दिलं ते स्वीडनच्या कार्ल-अ‍ॅक्सेल एकबोम यांनी १९४५ मध्ये. मधली पावणेतीनशे वर्षं किती लोकांना ‘स्वस्थ बस की जरा!’ असं ऐकावं लागलं असेल, याचा विचार मनात येतोच. प्रत्येक अस्वस्थ पायामागे लोहच असतं असं नाही, पण तपासायची पहिली गोष्ट तीच. आणि हिमोग्लोबिन बरोबर आलं म्हणून लोह बरोबर असेलच असं नाही. साठा किती आहे ते फेरिटिन या रक्ताच्या तपासणीवरून कळतं. बर्फाची ओढ तर लोहाच्या गोळ्या सुरू केल्यावर अनेकदा फार लवकर जाते, रक्त पुरतं भरून यायच्या आधीच.

यात एक गोष्ट मला डॉक्टरांकडून कळली आणि ती सगळ्यांना ठाऊक असावी असं वाटतं. पाळी येणाऱ्या बाईचं लोह कमी असेल तर कारण बऱ्याचदा समोरच असतं. पुरुषाचं किंवा पाळी थांबलेल्या बाईचं लोह कमी झालं, तर नुसत्या गोळ्या देऊन भागत नाही. रक्त कुठून जातंय ते शोधावं लागतं, आणि ते बहुधा पोटातून किंवा आतड्यातून जात असतं. आकडा तोच, पण माणूस बदलला की त्याचा अर्थ बदलतो. ‘अमुक लक्षण म्हणजे तमुक रोग’ अशा याद्यांवर माझा राग आहे तो याच कारणाने.

दुसरं असंच निमूट लक्षण म्हणजे मानेवरचा काळा, मखमलीसारखा जाडसर पट्टा. काखेत, जांघेतही तो येतो. लोक त्याला मळ समजतात. घासतात, लेप लावतात, मुलांना आंघोळीवरून बोलणी बसतात. तो घासून निघत नाही, कारण तो मळ नसतोच. शरीरातलं इन्सुलिन नीट लागू पडत नाही, म्हणून ते जास्त जास्त तयार होत राहतं, आणि त्या वाढलेल्या इन्सुलिनने कातडीच्या पेशी फोफावतात. मधुमेह होण्याच्या कितीतरी आधी हे दिसू शकतं. थोड्यांच्या बाबतीत, विशेषतः उतारवयात एकाएकी आलं आणि वजनही उतरत असेल तर, त्यामागे आणखी गंभीर कारण निघू शकतं. एरवी मात्र तो पट्टा म्हणजे साखर तपासून घेण्याचं निमंत्रण. एखाद्या मुलाला मानेवरून चिडवताना कोणी ऐकलं, की मला हे सगळं त्या चिडवणाऱ्याला समजावून सांगावंसं वाटतं. कधी कधी सांगतेही.

यातल्या कितीतरी गोष्टी ज्याच्या त्याला दिसत नाहीत. मान आपली आपल्याला दिसते कुठे? चालताना एक हात हलायचा थांबलाय, हे बायकोला दिसतं. अक्षर बारीक होत चाललंय, हे पत्र वाचणाऱ्याला कळतं. झोपेत हातपाय झाडतो, स्वप्नातली मारामारी खरीच करतो, हे शेजारी झोपणाऱ्याला चांगलंच कळतं. ही तिन्ही पार्किन्सनच्या आजाराची सुरुवातीची चिन्हं असू शकतात. वास न येणं हे चौथं, तेही कंपाच्या कितीतरी वर्षं आधीचं. जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये या आजाराचं वर्णन केलं ते मुख्यतः थरथर आणि वाकलेल्या चालीवरून. हा आजार त्याआधीच किती तरी वर्षं घरात वावरत असतो, हे पुढे उमगत गेलं.

या संदर्भात स्कॉटलंडच्या जॉय मिल्न यांची हकीकत विलक्षण आहे. त्या नर्स होत्या आणि नाक जात्याच तिखट. नवऱ्याच्या अंगाचा वास बदलला, जरा उग्र, कस्तुरीसारखा झाला, असं त्यांना जाणवलं. पंचेचाळिसाव्या वर्षी त्याला पार्किन्सनचं निदान झालं ते त्यानंतर दहाएक वर्षांनी. पुढे अशा रुग्णांच्या एका मेळाव्यात गेल्या, तर तोच वास सगळ्यांना. एडिनबरामधल्या संशोधकांनी परीक्षा घ्यायची ठरवली. बारा जणांनी वापरलेले सदरे दिले, सहा रुग्णांचे आणि सहा निरोगी माणसांचे. मिल्नबाईंनी सगळे रुग्ण बरोबर ओळखले, फक्त एका निरोगी माणसाचा सदरा त्या आजाऱ्याचाच म्हणून अडून बसल्या. बाराला अकरा, म्हणजे निकाल उत्तमच होता. आठ महिन्यांनी त्या बाराव्या माणसाने कळवलं, की त्याला पार्किन्सनचं निदान झालंय. नंतरच्या संशोधनात त्वचेच्या तेलकट स्रावात बदललेली रसायनंही सापडली. असं नाक सगळ्यांना नसतं. पण घरातल्या कोणी ‘तू हल्ली असं का करतोस?’ म्हटलं, तर चिडण्याआधी ते नेमकं काय म्हणतायत ते ऐकून घ्यायला काय हरकत आहे?

शरीराची आणखी एक खोड म्हणजे चुकीचा पत्ता सांगणं. हृदयाकडून येणाऱ्या संवेदना आणि डाव्या हाताच्या आतल्या बाजूच्या संवेदना मज्जारज्जूत साधारण एकाच पातळीवर पोचतात. मेंदूला हाताच्या बातम्यांची सवय, हृदयाच्या बातम्या क्वचित. म्हणून दुखतं हृदय आणि कळ येते हातात, जबड्यात, पाठीत. पित्ताशय दुखावलं तर उजवा खांदा धरतो. विल्यम हेबरडेन यांनी १७६८ मध्ये लंडनच्या डॉक्टरांपुढे छातीच्या या दुखण्याचं जे वर्णन वाचलं, ते आजही जुनं वाटत नाही. चालताना येतं, विशेषतः चढावर आणि जेवणानंतर, आणि उभं राहिलं की जातं. त्यात दुखण्याच्या जोराबद्दल बोलणं कमी, वेळेबद्दल जास्त. कशाने येतं आणि कशाने थांबतं, यातच निदान. तरी सगळ्यांना पुस्तकातली कळ येत नाही. बायकांना, वृद्धांना, मधुमेहींना नुसती मळमळ, धाप, दरदरून घाम किंवा अनाकलनीय गळाठा एवढंच जाणवू शकतं, आणि ते पित्तावर ढकललं जातं.

हाताला मुंग्या येतात तेव्हा कोणत्या बोटांना, ते नीट बघावं. अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं रात्री बधिर होत असतील, हात झटकला की बरं वाटत असेल आणि करंगळीला काहीच होत नसेल, तर मनगटाच्या बोगद्यात नस दबलेली असण्याची शक्यता मोठी. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट असेल तर बघायचं कोपराकडे. दोन्ही पायांच्या बोटांपासून सुरू होऊन मुंग्या हळूहळू मोज्यासारख्या वर चढत असतील तर तपासायचं ते रक्तातली साखर आणि बी १२ जीवनसत्त्व. ‘हाताला मुंग्या येतात’ एवढंच सांगितलं, तर डॉक्टरला पुढचं सगळं खोदून काढावं लागतं.

माझ्या आईला एकदा पहाटे कूस बदलताना सगळी खोली गरगर फिरली. तिने पलंग घट्ट धरून ठेवला आणि आम्हाला हाक मारली ती जवळजवळ निरोप घेण्याच्या सुरात. मिनिटाच्या आत थांबलं. पुन्हा कूस बदलली, पुन्हा तेच. डॉक्टरांनी तिला आडवं करून डोकं एका बाजूला वळवलं, डोळ्यांची फडफड बघितली आणि हसले. आतल्या कानात कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म खडे असतात. त्यातले काही सुटून तोल सांभाळणाऱ्या नलिकेत शिरले, की डोकं हलवताच मेंदूला खोटी बातमी जाते. जॉन एपली या अमेरिकन डॉक्टरांनी डोकं ठरावीक क्रमाने वळवून ते खडे परत जागेवर घसरवायची रीत काढली. आईवर तीच केली. गोळी नाही, काही नाही. उठून बसली तेव्हा तिचा चेहरा असा होता, की इतक्या मोठ्या संकटाला एवढाच उपाय, हा तिला जरा अपमानच वाटला असावा. गरगरण्याबरोबर एकाचे दोन दिसणं, जीभ जड होणं, चालताना एका बाजूला कलणं असतं, तर मात्र थेट मोठं रुग्णालय गाठावं लागलं असतं.

काही लक्षणं येतात आणि आपणहून जातात, आणि फसवतात ती हीच. अर्धा चेहरा ओघळला, हातातली वस्तू गळून पडली, शब्द सापडेनात, आणि दहा मिनिटांत सगळं ठीक झालं. घरचे म्हणतात, बरं झालं, गेलं. पण मेंदूचा रक्तपुरवठा क्षणभर अडून सुटल्याची ती खूण असते, आणि खऱ्या झटक्याचा धोका लगेचच्या दोन दिवसांत सगळ्यात जास्त असतो. तसंच डोळ्याचं. डोळ्यापुढे तरंगणारा एखादा जुना धागा वर्षानुवर्षं असला तर असू दे. पण काळ्या ठिपक्यांचा एकदम पाऊस पडला, कडेला विजा चमकल्या, नजरेवर पडदा सरकल्यासारखं झालं, तर डोळ्याचा पडदा सुटत असू शकतो. तिथे ‘उद्या बघू’ परवडत नाही. या एवढ्या बाबतींत माझा सगळा ‘थांबून बघा’ पंथ मी गुंडाळून ठेवते.

एरवी लक्ष देण्यालाही किंमत पडतेच. जिभेकडे लक्ष द्या, ती तोंडात कशी ठेवायची ते कळेनासं होतं. श्वासाकडे लक्ष द्या, तो अडखळतो. वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना प्रत्येक नवं प्रकरण शिकताना तोच आजार आपल्याला झाल्यासारखं वाटतं, हे तर प्रसिद्धच आहे. म्हणून मी रोज शरीर तपासत बसत नाही. महिन्यातून एकदा नखं, तीळ, वजन, पायांचे तळवे, बास. मधल्या काळात काही जाणवलं तर तारीख लिहून ठेवते आणि कामाला लागते. बहुतेक नोंदींपुढे दुसरी नोंद कधी पडतच नाही.

आमच्या ओळखीच्या एक डॉक्टर सांगतात, की रुग्ण सर्दी-खोकल्याचं सगळं सांगतो, औषध लिहून घेतो, उठतो, दारापर्यंत जातो, आणि मग दाराच्या कडीवर हात ठेवून म्हणतो, ‘तसं काही विशेष नाही, पण डॉक्टर, हल्ली ना...’ त्या वेळी बाहेर कितीही गर्दी असली तरी त्या त्याला परत आत बोलावतात आणि खुर्चीकडे बोट दाखवतात.